हौसेचे मोल

जत्रेला तीन तऱ्हेची माणसे जातात, असे आपल्याकडे म्हणतात: हौशे, नवशे आणि गवशे. हौशा जातो तो जत्रा आवडते म्हणून. नवशा जातो तो देवाशी केलेला करार पुरा करायला. आणि गवशा जातो तो गर्दीत काही हाती लागते का, हे पाहायला. ज्या कुणी ही तीन नावे प्रथम एका दमात उच्चारली, त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे. मात्र हौशाला त्याने पहिला मान दिला तो मुद्दाम, की केवळ बोलण्याच्या ओघात, हे सांगायला तो आज हयात नाही. तेव्हा तो निवाडा आपणच करायला हवा. आणि दिवाळीच्या सुट्टीत, फराळाचे ताट पुढ्यात असताना, असल्या निवाड्याला थोडी सवडही असते.

मी बसलो आहे तो एका विशिष्ट जातीच्या हौशांचा निवाडा करायला. दिवसभर पोटाचा उद्योग करून रात्री पेटीचा भाता हलवणारे, हातोडी हाती घेऊन तबला सुरात आणण्यात अर्धा तास घालवणारे, सतारीच्या तारा लावता लावताच झोपेची वेळ झालेली पाहणारे लोक आपल्या प्रत्येक गावात असतात. कुणी बँकेत कारकून असतो, कुणी दवाखाना चालवतो, कुणी एस. टी.त कंडक्टर म्हणून उभा जन्म काढून आता निवृत्त झालेला असतो. त्यांचे नाव कोणत्याही जाहिरातीत छापून येत नाही. गणेशोत्सवात मुख्य गवयी यायला उशीर झाला, तर तेवढ्यापुरते त्यांना व्यासपीठावर बसवतात आणि गवयी आला की उठवतात. तरीही शनिवारी रात्री कुणाच्या तरी माडीवर त्यांची बैठक जमतेच.

संगीताच्या जत्रेत नवसे पुष्कळ असतात. परीक्षेचे प्रमाणपत्र, स्पर्धेचे पारितोषिक, मुलीच्या लग्नाच्या माहितीपत्रकात घालायची एक ओळ, असा त्यांचा नवस असतो; तो फिटला की वाद्यावर खोळ चढते. गवसे तर आज प्रत्येक क्षेत्रात आहेत. जे संगीतावर पोट भरतात त्यांना मात्र मी या तिन्हींत धरत नाही. ते त्या जत्रेतले दुकानदार आहेत. त्यांच्यावाचून जत्रा भरायचीच नाही. राहता राहिले हौशे. त्यांच्याविषयी आपली भाषा एक चमत्कारिक वाक्य बोलते: ‘हौसेला मोल नाही.’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. हौस इतकी मोलाची आहे की तिची किंमत करता येत नाही, हा एक. आणि बाजारात तिला कवडीही मिळत नाही, हा दुसरा. माणूस स्वतःच्या हौसेविषयी बोलतो तेव्हा पहिला अर्थ घेतो. शेजाऱ्याच्या हौसेविषयी बोलतो तेव्हा दुसरा. यांतला खरा कोणता?

हौशी वादकावरचा आरोप आज पूर्वीपेक्षा जड झालेला आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावात चांगले गाणे-बजावणे ऐकायला मिळणे दुर्मीळ होते. तेव्हा पोस्टमास्तरांची पेटी, जशी असेल तशी, गावाची गरज होती. आज खिशातल्या फोनवर बोट फिरवले की जगातला उत्तमातला उत्तम वादक आपल्यासाठी वाजवू लागतो. तंबोराही फोनमध्ये आहे, ठेकाही फोनमध्ये आहे, आणि तो कधी दमत नाही. मग पोस्टमास्तरांनी चाळीस वर्षे घासूनही कच्चाच राहिलेला यमन कशासाठी वाजवायचा? ज्या गोष्टीत आपण कधीही श्रेष्ठ होणार नाही, जिच्यावाचून जगाचे काही अडत नाही, तिच्यापायी आयुष्यातले हजारो तास खर्च करण्याचा माणसाला काय अधिकार?

याला एक उत्तर झटकन सुचते, ते असे. विठोबाचे दर्शन आता घरबसल्या पडद्यावर होते. चेहऱ्यावरचे चंदनसुद्धा स्पष्ट दिसते. म्हणून वारी बंद पडली का? उलट, पायी जाणाऱ्याला पुष्कळदा कळसाच्या दर्शनावरच समाधान मानावे लागते. वारकरी चालतो तो अधिक चांगले दर्शन मिळावे म्हणून नव्हे. चालणे हाच त्याच्या भक्तीचा देह आहे. वाजवणाऱ्याचेही तसेच आहे. ऐकणे आणि वाजवणे या एकाच कामाच्या लहान-मोठ्या आवृत्त्या नाहीत. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तर बरे आहे. पण टीकाकार एवढ्यावर गप्प बसत नाही. तो उपयोग विचारतो. तर उपयोगही दाखवता येतो. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशाने वकील. मैफली करून त्यांनी पोट भरले नाही. हौसेने सतार शिकले, मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले, आणि पुढे वकिली सोडून देशभर हिंडून त्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा गोळा केल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले. आज संगीत शिकणारे पोर दहा थाटांची नावे घडाघडा म्हणते, ती या वकिलाची देणगी. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीत माणसे भिंतीला तुंबड्या लावतात. त्यांनी बावीस श्रुतींचे माप काढण्याचा ध्यास घेतला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले.

पेटीचीच गोष्ट घ्या. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात युरोपातून आले. तिथे ते खुर्चीवर बसून, पायाने भाता दाबून वाजवीत. आपण त्याला जमिनीवर बसवले, भाता डाव्या हाताकडे दिला. पण पंडितांचे तिच्याशी जमेना. तिचे स्वर कायमचे ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, तिच्या बारा पट्ट्यांत आपल्या श्रुती मावत नाहीत, असे आक्षेप होते. आणि ते खोटे नव्हते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले. १९७१ मध्ये ती बंदी अंशतः उठली. मधल्या तीस वर्षांत पेटी जगली ती कुणाच्या आधाराने? नाटकवाल्यांच्या, कीर्तनकारांच्या, भजनी मंडळांच्या, आणि घराघरांतल्या हौशी बोटांच्या. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा लेखक आयुष्यभर पेटीच्या प्रेमात राहिला. रेडिओने नाकारलेल्या पेटीवर घरातली मुले सा रे ग म शिकत होती. पंडितांना जिचे दोष दिसत होते, तिचा सहवास हौशांनी सोडला नाही.

एवढ्यावर हौशांचा खटला जिंकता येईल. पण असा जिंकलेला खटला मला मान्य नाही. मी शाळेत शिकवतो. वर्गात साठ मुले असतात. त्यांतले एखादे पुढे नाव काढते. मग सत्काराच्या सभेत आम्ही मास्तर मंडळी त्याच्याकडे बोट दाखवून शाळेचे सार्थक झाले म्हणून सांगतो. उरलेली एकोणसाठ मुले काय त्या एकासाठी फळा पुसायला आली होती? हजार हौशांतून एक भातखंडे निघतो म्हणून हजारांची हौस क्षम्य ठरवणे, हा त्याच जातीचा हिशेब झाला. मला बाजू मांडायची आहे ती मागे काहीही ठेवून न जाणाऱ्याची. ज्याच्या वादनाची ध्वनिफीत नाही, ज्याचा शिष्य नाही, आणि जो गेल्यावर ज्याचा तबला भाचा विकून टाकणार आहे, त्याची.

त्याच्या बैठकीत घटकाभर बसून पाहा. पेटीवर निवृत्त मामलेदार आहेत. तबल्यावर एकेकाळी त्यांच्याच कचेरीत शिपाई असलेले गृहस्थ. कचेरीत मामलेदारांनी घंटा वाजवली की शिपायाने धावायचे. इथे मामलेदार गत घेऊन भरकटतात, एका मात्रेने मागे पडतात, आणि शिपाईबुवा काही न बोलता ठेका धरून समेवर थांबल्यासारखे पाहतात. ‘रावसाहेब, जरा पुढून घ्या,’ एवढेच म्हणतात. रावसाहेब निमूटपणे पुढून घेतात. सम कुणाची पायरी पाहत नाही. ती सोळाव्या मात्रेनंतर येते म्हणजे येतेच. तिथे पोचायचे की नाही, एवढेच आपल्या हाती. जन्मभर इतरांच्या चुका दाखवलेल्या माणसाने आठवड्यातून एकदा स्वतःची चूक ऐकावी आणि हसून पुन्हा सुरुवात करावी, याला मी फार मोठी गोष्ट मानतो. पगार नाही, परीक्षा नाही, भीती नाही. तरी ती चूक सुधारावीशी वाटते. नीतीचे याहून शुद्ध रूप मला शाळेत क्वचितच पाहायला मिळते. तिथे छडी गेली, पण गुण राहिले.

आणि आपली भाषा या बैठकीतल्या कामाला काय म्हणते पाहा. साथ. संगत. गवयाला तबल्याची साथ असते आणि संसारात नवराबायकोची साथ असते. एकच शब्द. दुसरा बोलत असताना आपण किती बोलायचे, त्याचा दम संपला तर कुठे भरून काढायचे, आणि त्याची तान रंगात आली असता आपण किती साधे राहायचे, हे संगत करणारा शिकत असतो. ज्याला तबल्याची ही अक्कल आली, त्याचे वादन सामान्य असले तरी त्याचे शिक्षण सामान्य म्हणता येणार नाही.

इथे स्वयंपाकघरातून एक प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका घरी मी बैठकीला बसलो होतो. यजमानांची पेटी रंगात आली होती. काकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘मास्तर, यांची पेटी वाजते तेव्हा आत माझा कुकर वाजतो. दोघांनाही साथ मीच करते.’ सगळे हसले. मग कुणी तरी विचारले तेव्हा कळले की लग्नापूर्वी काकू दिलरुबा वाजवीत. चार वर्षे रीतसर शिकल्या होत्या. दिलरुबा माहेराहून आलाही होता. तो कुठे आहे? माळ्यावर.

असे माळे आपल्याकडे किती आहेत, याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. मुलगी उपवर होईपर्यंत तिचे वाजवणे गुण म्हणून दाखवायचे, आणि ती सून झाली की तेच वाजवणे ‘सवड काढणे’ ठरायचे, ही आपल्या सुसंस्कृत घरांची रीत होती. ती पुरती गेली आहे असे म्हणवत नाही. पुरुषाची हौस ही रसिकता आणि बाईची हौस हा वेळेचा अपव्यय! हौस अमूल्य आहे असे म्हणणाऱ्याने तिची किंमत कोण भरते आहे, हेही पाहिले पाहिजे. एकाच्या शनिवारच्या बैठकीसाठी दुसऱ्याचे सगळे वार खर्ची पडत असतील, तर ती हौस नव्हे. ती उसनवारी आहे, आणि ती कधी तरी फेडावी लागते.

ही फेड काही ठिकाणी बायकांनी स्वतःच वसूल केली आहे. गावोगावची महिला भजनी मंडळे पाहा. मुले मार्गी लागली, गुडघे कुरकुरू लागले, आणि साठीच्या घरातल्या एखाद्या आजींनी पेटी मांडली. बोटांना आता वळण लागत नाही. पण एकादशीला देवळात त्या पेटीवर बसतात तेव्हा घरातले कुणी त्यांना चहा मागू शकत नाही. त्या दोन तासांत त्या कुणाची आई, कुणाची सासू नसतात. काळी चारमध्ये सूर धरून बसलेल्या वादक असतात. टीकाकाराने उपयोग विचारला होता. त्याने एकदा या देवळात येऊन बसावे.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा. तरुणपणी हौस सोपी असते, कारण हात चढता असतो. आज न आलेले उद्या येईल असे वाटते. पण साठी-सत्तरीत हात उतरू लागतो. बोटांचे सांधे आखडतात, कानाला बारीक, वरचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. काल जमलेली जागा आज जमत नाही, आणि उद्या ती आणखी दूर जाणार, हे वाजवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. अशा वेळी वाजवत राहावे की थांबावे?

थोर माणसांनी दोन्ही उत्तरे दिलेली आहेत. केसरबाई केरकर यांनी १९६०च्या दशकात जाहीर गाणे थांबवले. आपले गाणे आपल्याच कसोटीला उतरेना, तेव्हा त्यांनी स्वतःहून विराम घेतला, असे सांगतात. त्या निर्णयाला एक राजसपणा आहे. लोकांनी आपल्याला कोणत्या रूपात आठवावे, हे त्यांनी ठरवले. अन्नपूर्णादेवींची गोष्ट निराळी. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही कन्या १९५०च्या दशकानंतर जाहीर मैफलीत बसली नाही. सूरबहार मात्र त्यांच्या घरातून गेले नाही. मुंबईच्या आपल्या घरात, बाहेरच्या जगाला न ऐकवता, त्यांनी साधना केली आणि शिष्य घडवले. २०१८ साली त्या वारल्या. ऐकणाऱ्यांची गर्दी नसली तर संगीत अपुरे राहते, असे म्हणणाऱ्याने त्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे.

तिसरे उत्तर दूरच्या मिलान शहरातले आहे. इटलीचा मोठा संगीतकार व्हेर्दी याने म्हातारपणी स्वतःच्या पैशाने तिथे एक घर बांधले: ज्यांचे वय झाले आणि ज्यांच्या गाठीला पैसा नाही, अशा गायक-वादकांसाठी. आपल्या हयातीत ते उघडू नये अशी त्याची इच्छा होती. १९०१ साली तो वारला आणि १९०२ साली घर उघडले. त्याची समाधीही तिथेच आहे. आजही तिथे उतारवयातले कलावंत राहतात. अलीकडे काही तरुण विद्यार्थीही त्यांच्या सोबत राहू लागले आहेत. व्हेर्दीला कळले होते ते असे, की कलावंताचा आवाज उतरला म्हणजे त्याचे संगीत संपत नाही. संपते ती त्याची मिळकत. तेव्हा मिळकतीची सोय करावी आणि संगीताला संगीताच्या जागी राहू द्यावे.

हौशी वादकाला मिळकतीची चिंता नसते आणि कीर्तीचीही नसते. म्हणून उतरत्या हाताकडे तो सर्वांत निर्भयपणे पाहू शकतो. एका वृद्ध तबलजींचे वाजवणे मी काही वर्षे ऐकत आलो आहे. प्रथम त्यांच्या हातातून रेले गेले. मग कायदे विसकटू लागले. मग तिहाई चुकेल या भीतीने त्यांनी तिहाई घेणेच सोडले. आता उरला आहे तो नुसता ठेका, तोही विलंबित. पण तो ठेका ऐकावा! मात्रेमात्रेत सारखे अंतर, डग्ग्यावर नेमका तेवढाच दाब, आणि समेवर हात येतो तो दिवेलागणीला माणूस घरी यावा तसा. मी त्यांना एकदा म्हणालो, ‘अण्णा, पूर्वी तुम्ही किती वाजवीत होता!’ ते म्हणाले, ‘पूर्वी मी ठेका वाजवायचोच कुठे? तो उरकायचो. लक्ष पुढच्या तुकड्यावर असायचे.’

त्यांच्या या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. आम्हा शिक्षकांना आयुष्य प्रगतिपुस्तकासारखे दिसते. प्रत्येक रकान्यातला आकडा आधीच्यापेक्षा मोठा असला म्हणजे ते बरे चालले आहे, असे आम्ही मुलांना शिकवतो. पण कुठल्याही देहाच्या प्रगतिपुस्तकाची शेवटची पाने अशी नसतात. तिथे आकडे लहान होत जातात. ज्या माणसाने केवळ मोठ्या आकड्यांवर प्रेम केले, त्याच्या हाती मग काही राहत नाही. ज्याने वाजवण्यावर प्रेम केले, त्याच्या हाती ठेका राहतो; आणि सगळ्या तालाचा आधार तोच होता, हे त्याला उशिरा का होईना, पण कळते.

म्हणून त्या म्हणीचा मी माझ्यापुरता निवाडा केला आहे. हौसेला बाजारात मोल नाही, हे खरेच आहे. आणि तिचे मोल त्यातूनच निघते. जी गोष्ट विकत नाही, ती उतरली तरी भाव पडत नाही. शेवटपर्यंत ती आपलीच असते. फक्त तिची किंमत दुसऱ्या कुणाच्या आयुष्यातून वळती केलेली नसावी, एवढी एक अट आहे. ती पाळणाऱ्या हौशाला जत्रेत पहिला मान द्यायला माझी काही हरकत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळे उतरवले जातात. जुनी भांडी, तुटका पाळणा, आकाशकंदिलाचा सांगाडा यांच्या मागे कुठे तरी खोळीतली पेटी असेल, खुंट्या सैल पडलेली सतार असेल, कदाचित एखादा दिलरुबाही असेल. तो उतरवा. धूळ झटकून परत वर ठेवण्याआधी तो कुणाचा होता, हे घरात विचारा; आणि ती व्यक्ती आतून हात पुसत बाहेर आली, तर त्या संध्याकाळच्या करंज्या इतरांनी तळाव्यात.